बोटीवरची संकष्टी

प्रिय अण्णा,

आज सकाळी तुमच्या नावाने आलेला मेल उघडला. निळ्याशार पाण्यावर पांढरी, वाड्यांची आख्खी गल्ली मावेल एवढी बोट, आणि खाली इंग्रजीत लिहिलंय की, अनंतराव, आम्हाला तुमची फार आठवण येते. मागच्या आठवड्यातही येत होती. त्याच्या मागच्यातही. पुढच्या आठवड्यात तुमचं वर्षश्राद्ध आहे, आणि या वर्षभरात तुमची आठवण येते असं तुम्हाला लेखी कळवणारी ही एकच कंपनी निघाली. घरच्यांपैकी कुणी दोन ओळी लिहिल्या नाहीत. म्हणून बसलो.

तुम्ही गेल्याचं आम्ही त्यांना इतके दिवस कळवलंच नव्हतं. का, ते सांगतो. पण सुरुवात तुमच्यापासून करायला हवी, कारण हे लचांड तुम्हीच घरात आणलंत.

दिवाळीआधी भरलेली ती ग्राहक पेठ आठवते? एका बाजूला लिंबाचं लोणचं, दुसऱ्या बाजूला गुडघेदुखीचं तेल, आणि मधे टाय लावलेला एक मुलगा क्रूझ विकत बसलेला. लकी ड्रॉचा कागद भरून काचेच्या बरणीत टाकायचा होता. पनवेलची शहाणी माणसं नाव आणि चुकीचा नंबर लिहून पुढे सरकत होती. तुम्ही चष्मा लावलात, खुर्ची मागून घेतलीत. आख्खी नोकरी तहसील कचेरीत काढलेला माणूस, रकाना रिकामा सोडणं तुम्हाला कसं जमणार? ‘फोन करण्यास सोयीची वेळ’ याच्यापुढे तुम्ही लिहिलंत: सकाळी दहानंतर, जेवणाची वेळ वगळून.

“अण्णा, एवढं खरं कुणी लिहीत नाही,” मी म्हटलं.

“मग विचारतात कशाला?”

लोकांना टोचून लिहिण्यावर माझं थोडंफार नाव झालंय, पण घरात तुमच्यापुढे माझं कधी काही चाललं नाही.

ड्रॉमध्ये तुम्ही निवडले गेलात. बरणीत कागद टाकलेले सगळेच निवडले गेले. बक्षीस म्हणजे तिकिटावर सवलत, आणि ती मिळवायची तर तिकीट काढायचं. सरकारात एवढी वर्षं काढूनही तुम्हाला यात काही वावगं वाटलं नाही, की सरकारात काढल्यामुळेच वाटलं नाही?

मग फोन सुरू झाले. पहिली ती प्राची. तुम्ही आधी तिचं गाव विचारलंत, मग जेवलीस का विचारलंत, आणि मग तिला बोलू दिलंत.

“सर, एकदम लक्झरी आहे. सिंगापूरहून निघते, तीन रात्री. डेकवर स्विमिंग पूल.”

“खाली एवढं पाणी असताना वर आणखी पूल?”

“सर, ते समुद्राचं पाणी ना.”

“बरं. जेवणाचं काय?”

“सगळं इन्क्लुडेड, सर. जैन फूडसुद्धा.”

“आणि संकष्टी आली तर?”

“साबुदाणा अरेंज होईल, सर.”

“साबुदाण्याचं नाही विचारत. चंद्रोदय कुठला धरायचा? दिनदर्शिकेत मुंबईची वेळ असते. बोट असणार सिंगापूर आणि मलेशियाच्या मधे. तिथे चंद्र कधी उगवतो ते कोण सांगणार? कॅप्टन?”

मग ती म्हणाली, “सर, मी सीनियरना विचारून कळवते.”

त्या दिवसापासून तुमच्या नावापुढे त्यांच्या कॉम्प्युटरवर एक प्रश्न लटकला तो लटकलाच. प्राचीने नोकरी सोडली, रोहन आला. रोहन गेला, आणखी कुणी आलं. प्रत्येक जण सुरुवात तीच करायचा: “सर, तुमची एक क्वेरी पेंडिंग दिसतेय. मूनराइजची.” आणि तुम्ही पहिल्यापासून समजावायचात. पनवेल मुंबईच्या पूर्वेला, म्हणजे चंद्र खरं तर आपल्याकडे आधी यायला हवा. पण मधे प्रबळगडाचा डोंगर, त्यामुळे तो दिसतो उशिराच. आता समुद्रात डोंगर नाही, मग तिथे काय? एकेका पोराला तुम्ही अर्धा अर्धा तास भूगोल शिकवलात.

आई आतून म्हणायची, “अहो, सोडा त्यांना. कामं असतील.”

“हेच त्यांचं काम आहे,” तुम्ही म्हणायचात.

मी एकदा सुचवलं की असे फोन बंद करता येतात, एक मेसेज पाठवायचा असतो. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की जणू मी दारावर आलेल्या माणसाला हाकलायला सांगतोय. “आणि मग ते उत्तर कळवणार कसे?”

मला तुमचं हसू यायचं. उरणला बदली होती तेव्हा मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला लाँचने जायचं म्हटलं की तुम्ही मधला बाक पकडायचात, खांबाला धरून, डोळे मिटून. आई कडेला बसून लाटा मोजत असल्यासारखी पाण्याकडे बघत राहायची. खाडी ओलांडताना ज्याचा जीव वरखाली व्हायचा, तो माणूस सिंगापूरच्या बोटीची चौकशी करतो! म्हातारपणी माणसाला एकेक छंद लागतो, अशी मी माझी समजूत घालून घेतली.

मग मागच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. रिक्षात बसताना आईला “येतो गं” म्हणालात, आणि हॉस्पिटलातून आलात ते आम्ही आणलं तसे.

तेराव्यानंतर लगेचच फोन वाजला. आईने उचलला. मी समोरच होतो.

“अनंत सर आहेत का?”

“बाहेर गेलेत,” आई म्हणाली.

“कधीपर्यंत येतील?”

“सांगून नाही गेले.”

रिसीव्हर ठेवला आणि ती पुन्हा मेथी निवडायला बसली. मला वाटलं, तोंडातून निघून गेलं असेल. पण पुढच्या फोनलाही तुम्ही बाहेर गेला होतात, त्याच्या पुढच्यालाही. एकदा तर तुम्ही बँकेत गेला होतात.

अण्णा, तुम्ही गेल्यापासून आईच्या तोंडून ‘गेले’ हा शब्द मी ऐकला नव्हता. कुणी भेटायला आलं की ती चहा टाकायला उठायची. तुमचा पंचा दर रविवारी धुऊन वाळत घालायची, न वापरलेला. संकष्टी तर घरातून उठलीच. उपास तुमचा असायचा आणि चंद्र दिसेपर्यंत भूक तिची. आता तो दिवस आला की ती संध्याकाळीच दोन घास खाऊन आडवी होते. मागच्या आठवड्यात गुरुजी श्राद्धाचं विचारायला आले, तर “विनूला विचारा” म्हणून आत निघून गेली. मला भीती वाटायला लागली. ती खरंच तुमची वाट बघत असेल तर?

मेधा म्हणाली, “तुम्ही तो फोनच बंद करून टाका. आठवड्यातून दोनदा आईंनी त्यांना बाहेर पाठवायचं, याचा त्यांना त्रास होत नसेल का?”

सुना कधी कधी मुलांपेक्षा नीट बघतात. मी ठरवलं, श्राद्धाआधी हे संपवायचं.

परवा रविवारी फोन वाजला, तो मी आधी जाऊन उचलला. नवीन मुलगी होती, नेहा. सर, तुमची एक क्वेरी पेंडिंग दिसतेय. मी तिला सांगितलं की ज्यांची क्वेरी आहे ते माझे वडील, आणि ते वारले.

“ओह. सॉरी, सर.” ती म्हणाली, “मग क्लोज करू का, सर? फक्त रीझन टाकावं लागतं.”

“टाका की, वारले म्हणून.”

“तसा ऑप्शन नाहीये, सर. तीनच आहेत. नॉट इंटरेस्टेड, बजेट इश्यू आणि कॉल लेटर. नॉट इंटरेस्टेड टाकू?”

तुमच्या मरणाला त्यांच्याकडे रकाना नव्हता, अण्णा. तुम्ही असतात तर कागद परत पाठवला असतात. मी मात्र “टाका” म्हणणार होतो. तेवढ्यात आई पदराला हात पुसत आली आणि तिने माझ्या हातातून रिसीव्हर घेतला.

“मी त्यांची मिसेस बोलतेय. हो, वारले ते. वर्ष होईल आता. तू बंद नको करूस, बाळा. संकष्टी आता मी करणार आहे. वेळ कळली की मला सांग.” पलीकडून काहीतरी ऐकलं आणि म्हणाली, “हां, तेच टाक. आणि जेवलीस का?”

‘कॉल लेटर’ टाकलं असणार, म्हणजे नंतर पुन्हा फोन.

रिसीव्हर ठेवून माझ्याकडे बघत ती म्हणाली, “असा काय उभा राहिलास? गुरुजींना फोन कर, किती पानं मांडायची ते विचार.”

संध्याकाळी मी तिला सहज म्हटलं, अण्णांना बोटीवर जायचं फारच मनात होतं, नाही?

“त्यांना कुठे जायचं होतं? मला जायचं होतं. लाँचमधे एकदा मी बोलून गेले होते, आणखी लांबवर जाते तसली बोट बघायला हवी म्हणून. ते त्यांनी डोक्यात ठेवलं. म्हणायचे, संकष्टीचं तेवढं कळलं की निघू.”

अण्णा, आता एक विचारतो, रागावू नका. बोट तीन रात्रींची. संकष्टी महिन्यातून एकदा. ती सोडून तारीख काढायची, एवढं तहसील कचेरीतल्या माणसाला सुचलं नाही? की सुचलं होतं, म्हणूनच प्रत्येक नव्या पोराला पहिल्यापासून समजावत राहिलात? तिला नाही म्हणवत नव्हतं आणि पाण्यात पाय टाकवत नव्हता. खरं ना? चंद्र बरा मधे घातलात.

आता माझं ऐका. मेल मी आज बंद करतो. तुमची आठवण काढायचं काम दुसऱ्या कुणाला देऊन ठेवायला नको. बंद करतानाही ते कारण विचारतात, खाली चौकट असते. ती रिकामी सोडणार नाही, खरं तेच लिहीन. फोन मात्र राहील. तो आता आईचा आहे.

आणि श्राद्ध झालं की तारीख मी काढतो, संकष्टी सोडून. सिंगापूरचं बघू पुढे. आधी मोरा बंदरातून लाँचने नेतो तिला. कडेची जागा तिची. मधल्या बाकावर मी बसेन, खांबाला धरून. हे तुमच्याकडूनच आलंय माझ्यात, कुणाला सांगू नका.

तुमचा,
विनू