समितीतली हमामवाली

१२ ऑक्टोबर २०२०, मेक्नेस, मोरोक्को
मला समितीत घेतलंय! महामारीनंतर शहरातले धंदे कसे उभे करायचे, हे सरकारला सांगणारी समिती. दहा जण – हॉटेलवाले, बँकवाले, प्राध्यापक – आणि अकरावी मी, हमामात, गल्लीतल्या सार्वजनिक न्हाणीघरात, बायकांची पाठ घासणारी. ‘सामान्य महिलांचा आवाज’ असं पत्रात लिहिलंय. हमाम सात महिने बंद. आवाज तेवढा उरलाय.
यमना म्हणाली, “रकिया, तिथं तोंड उघड. आमच्या वाटचंही बोल.” वीस वर्षं आम्ही दोघी एकाच हमामात राबलो. तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला.

१९ ऑक्टोबर
पहिली बैठक. पुदिन्याचा चहा, बदामाची बिस्किटं, पडद्यावर रंगीत आलेख. मी बोलले – चार-चार बायका आत सोडू, पण हमाम उघडा. घरी गरम पाणी नाही, बायकांनी अंघोळ करायची कुठं? अध्यक्ष सी तौफीक, म्हणजे तौफीकसाहेब – स्वतःची दोन हॉटेलं – मान हलवत राहिले. “फार हृदयस्पर्शी!” म्हणाले. लगेच जेवणाची सुट्टी.

२ नोव्हेंबर
इतिवृत्त आलं. माझी एकच ओळ – ‘महिला सदस्यांनी स्वच्छतेचे महत्त्व विशद केले.’ गाढव लेकाचे!

९ नोव्हेंबर
आज बोलूच दिलं नाही. निघताना हजेरीचा म्हणून कागद पुढे केला, सही घेतली.

१६ नोव्हेंबर
शिफारशी जाहीर झाल्या. हॉटेलांतले हमाम लगेच उघडणार. गल्लीतले ‘पुढील आढाव्यापर्यंत’ बंद. खाली अकरा सह्या – त्यात माझी! तीच, हजेरीची.
सी तौफीकना फोन लावला. “लल्ला रकिया,” बाईसाहेब म्हणतात तसं मानानं म्हणाले, “मतं अकरा असतात, निर्णय एकच.” वर हसले.
यमनाकडे धावले. तिनं दार अर्धंच उघडलं. “या बाईसाहेब! पाणी तापवू का अंघोळीला?”
म्हटलं, सही फसवून घेतली गं.
“तुला वाचता येतं ना? आम्हाला येत नाही म्हणून तर तुला पाठवलं.”
दार लावलं.
तिचं खरंय. मी वाचलंच नव्हतं.

२३ नोव्हेंबर
राजीनामा लिहिला. फाडला. पुन्हा लिहिला.
बाजारात यमना दिसली. मला पाहून पाठ फिरवली. त्या पाठीवरचा तीळन्‌तीळ मला ठाऊक आहे. हाक मारवली नाही.

३० नोव्हेंबर
राजीनामा द्यायला गेले. सी तौफीकनी तो उघडलाही नाही. म्हणाले, त्यांच्या हॉटेलच्या हमामात एक बाई हवीय. एकच.
उद्या सकाळी सातला रुजू व्हायचंय.