मारवेलवरची सावली

१४ नोव्हेंबर

पाण्याचा टँकर आज स्वतः माळावर नेला. ड्रायव्हर कुरकुरला — मालकच स्टिअरिंगवर दिसला की लोकांना वाटतं धंदा बसला. हसलो. किती महिन्यांनी!

पोराच्या नावाने लावलेली रोपं गुडघ्याच्या वर गेलीत. तो गेल्यापासून घरात हिचा आवाज नाही. इथं मात्र बोलते — पाइप इकडे ओढा, त्या आळ्यातलं गवत काढा. मी मुकाट्याने काढतो.

१५ नोव्हेंबर

झोप लागली.

२ डिसेंबर

पोराबरोबर माळावरच्या गवताचा अभ्यास करायची ती मुलगी आली. ही बाहेर गेली होती. वाईट बातमी आणलेलं माणूस आधी चहाचं कौतुक करतं, एवढं धंद्यात शिकलोय. त्या मुलीने दोनदा केलं.

मग बोलली. माळावरच्या मारवेल गवताला सावली सोसत नाही. गुरं खातात, वणवा लागतो, तरी बुडातून पुन्हा फुटतं. ऊन तेवढं हवं. पाऊस मुरतो तो त्याच्या मुळांमुळे. चंडोल त्याच्या आडोशाला अंडी घालतात. आणि पोरगा शेवटपर्यंत भांडत होता तो याचसाठी, की या माळावर कुणी झाडं लावू नयेत!

मी म्हटलं, रिकामी तर जागा होती.

"काका, रिकामं काही नव्हतंच तिथं."

३ डिसेंबर

एकटाच गेलो. जिथं आळी केली, तिथं पावसाने माती वाहून नेलीय. पलीकडे हात न लावलेलं मारवेल जोमात उभं. त्यातून चंडोल उडाला आणि वर जाऊन गात राहिला. खाली बसलो. 

रोपं काढायलाच हवीत. पण ही परत गप्प झाली तर?

९ डिसेंबर

नाही सांगितलं.

१७ डिसेंबर

त्या मुलीचा फोन. मारवेलची मुळं अजून जिवंत आहेत. उन्हाळ्याआधी रोपं काढलीत तर गवत परत पसरेल, म्हणाली. मी म्हटलं, बाई गं, भल्याभल्या गिऱ्हाइकांना तोंडावर नाही म्हटलंय, घरात तेवढी जीभ उचलत नाही. ती हसली नाही.

फोन ठेवला तेव्हा ही आतून विचारत होती, उद्या टँकर मिळेल ना? मिळेल म्हटलं.

२० डिसेंबर

सांगून टाकलं. तिथंच, माळावर. हिने पाणी बंद केलं.

"तो असता तर एकही लावू दिलं नसतं. मला पहिल्या खड्ड्यापासून ठाऊक होतं. पण खणून आलात त्या दिवशी तुम्ही पोटभर जेवलात. मग कशी बोलणार?"

पहिलं रोप हिनेच उपटलं. दुसरं माझ्याने उपटवेना.