कुलपाला कुंकू

सांगली, दसऱ्याचा दुसरा दिवस, १९९८

उद्या आटपाडीच्या शांताबाईंच्या पोटगीचा युक्तिवाद, आणि निवाड्यांची सीडी उघडत नाही! कॉम्प्युटरच्या मागे बोटभर कुलूप लावलं तरच ती सीडी चालते; तेच काल मी काढून पाटावर ठेवलं, कुंकू वाहिलं, पाणी शिंपडलं, आणि ते बिघडलं. शस्त्रपूजा म्हणे! पुण्याचा विक्रेता फोनवर म्हणतो, "नुसतं कुलूप मिळत नाही वकीलसाहेब, अख्खा संच आमच्याकडूनच पुन्हा घ्या." मग विकत घेतलं ते काय? छापील खंड तर जागा अडते म्हणून रद्दीत घातले. कुलूप किती पुसलं, फटीतलं कुंकू निघत नाही.

संध्याकाळी शांताबाई आल्या. "आवं सायेब, समदी पुस्तकं ह्यातच हायत न्हवं?"

मी हो म्हणालो. जाताना त्यांनी कॉम्प्युटरलाही हात जोडले.