अकरा मिनिटांनी धाकटी

३ फेब्रुवारी
आजपासून मी नोकरदार. सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसं गुडघ्यांना तेल लावतात, मी गळ्यात ओळखपत्र घातलं. प्रयोगशाळा ताईची. ताई म्हणजे माझी जुळी बहीण. अकरा मिनिटं आधी जन्मली आणि तेवढ्या भांडवलावर जन्मभर मोठी राहिली. चेहरा एक, रक्त एक. ती इथली प्रमुख, मी स्वयंपाकीण. जंतूंसाठी रस्सा शिजवायचा, बश्यांत ओतायचा, काचेच्या नळ्या तपासायच्या. तडा गेलेली नळी लाल डब्यात. माझ्या हातच्या जेवणाला आजवर सगळ्यांनी नावं ठेवली. आता कोट्यवधी जेवतात आणि मिठाबद्दल चकार शब्द नाही.

बाटल्या धुणाऱ्या मावशी मला बघून दचकल्या. म्हणाल्या, बाई, ही तर मॅडमची कार्बन कॉपी. मूळ प्रत कोण, हे विचारायची गरज नव्हती.

राहायला ताईच्याच घराची मागची खोली. भाऊजींनी ट्रंक वर नेली. खिडकीतून ऊन येतं. मला खरंच बरं वाटतंय.

६ फेब्रुवारी
ताईने आज कामातलं मर्म समजावलं. एका जंतूपासून संध्याकाळपर्यंत कोट्यवधी होतात. सगळे हुबेहूब, जनुकांत तिळाइतका फरक नाही. त्यांच्यावर औषध घातलं की जवळजवळ सगळे मरतात. पण मूठभर उरतात. ते काही पैलवान नसतात. त्यांच्या पोरांना तेच औषध घातलं तर तीही तशीच मरतात. मग वाचतात कशाने? झोपेने. औषध मारतं ते राबणाऱ्यांना. जे हातपाय गाळून पडलेत, त्यांच्यावर त्याचा जोर चालत नाही. औषध ओसरलं की हे डोळे चोळत उठतात. आणि कोण झोपेल, हे आधी सांगता येत नाही.

एवढं सांगून ताई सगळ्यांदेखत म्हणाली, आमचंच बघा ना, वाण एकच, मी राबते आणि ही झोपते. सगळे हसले. सगळ्यांत आधी मी.

१२ फेब्रुवारी
ताईची खुर्ची गोल फिरते. माझी नुसती डगमगते. भाऊजी डबे भरतात. तिच्या डब्यात सफरचंद चिरलेलं, माझ्यात अख्खं. मला दात आहेत, तक्रार नाही.

उद्या बाहेरची बडी मंडळी ताईचं काम बघायला येणार. तिचा जंतू एका रुग्णाच्या जखमेतला. तो माणूस तीनदा बरा झाला, तीनदा परत आजारी पडला. चौथ्यांदा बरा व्हायला उरला नाही.

१३ फेब्रुवारी
सकाळी एका नळीला केसाएवढा तडा दिसला. लाल डबा हाताशी होता. मी ती ताईच्या स्टँडमध्ये ठेवली. फार काही नको होतं. पाहुण्यांसमोर कोटावर रस्सा सांडावा, एवढंच. एकदा तरी.

ताईने तिच्यात रश्शासकट आपला जंतू भरला आणि नळी तिच्या मुठीतच फुटली. तळहात चिरला. सगळे तिच्याकडे धावले. काचा मी वेचल्या. माझंही बोट कापलं. कुणी विचारलं नाही.

१९ फेब्रुवारी
ताई दवाखान्यात. हात खांद्यापर्यंत सुजलाय. मला काहीच नाही. तीच नळी, तेच रक्त. मला वाईट वाटतंय. आणि हे तिच्या खुर्चीत बसून लिहितेय.

४ मार्च
ताईचा ताप उतरला, औषध थांबवलं, चौथ्या दिवशी ताप हजर. बशीत हेच औषध त्या जंतूंचा फडशा पाडतं. ताईने डॉक्टरांना बजावलं, आता तब्येत सुधारली तरी औषध थांबवायचं नाही. महिनोन्महिने चालू ठेवा. जो उठेल तो मरेल.

भाऊजी उशाशी बसून असतात. माझं बोट केव्हाच भरलं. दाखवायलासुद्धा काही नाही.

२० मे
ताई बरी होऊन परतली. टाळ्या. मी खुर्ची रिकामी केली.

बोट दुखतंय. भरलेल्या जखमेखाली काहीतरी ऊन ऊन.

२३ मे
तोच वॉर्ड. ताईचीच खाट. ती रोज येते, माझं रक्त स्वतः घेते, डोळे लकाकतात. एक नळी, दोन जुळ्या; एकीत लगेच उठले, दुसरीत तीन महिने झोपले. असा पुरावा आजवर कुणाला मिळाला नाही म्हणे. आजारी मी, नाव तिचं.

३० मे
ताप उतरला. पांघरूण सारखं करता करता ताई हळूच म्हणाली, मावशी सांगत होत्या, त्या दिवशी तू एक नळी बराच वेळ उजेडात धरून बघत होतीस. मी डोळे मिटून पडले. ती म्हणाली, झोप, झोप. तुला तेच येतं.

१ जून
डॉक्टरांनी ताईला विचारलं, तुम्हीच यातल्या जाणत्या, तुमच्यासारखंच औषध चालू ठेवायचं ना? ताई — जिने स्वतःसाठी अडीच महिने — ताई म्हणाली, नको. हिच्यातले एकदमच उठले, एकदमच मेले. पुरे.

मी ओरडले, बंद करू नका. डॉक्टर म्हणाले, तापानंतर माणूस घाबरतं. ताई म्हणाली, लहानपणापासून अशीच. मला मिळालं ते हिला हवंच.

४ जून
सुई काढून तीन दिवस. मनगटात ऊब. दंडात —

ताई वही घेऊन बसलीय. कसं वाटतंय विचारते, आणि मी सांगायच्या आत लिहून टाकते.

५ जून
चौथा दिवस. सगळे उठले — कळतंय मला —

डॉक्टरांना सांगणार. नळीचं. तडा दिसला होता म्हणून. मग ताई औषध का नको म्हणाली ते कळेल, ऐकतील — ताईने नर्सला बोलवायची घंटा उचलून खिडकीत ठेवली. दार लावलं. म्हणते, घाई काय, आधी ताप लिहू —

जीभ जड. इथेच लिहिते, कुणीतरी वाचेल — ती नळी मी — ताई, हात सोड — ती मीच