एका हाताचा कॅमेरा

रोडपाली, कळंबोली
१२ जानेवारी २०२५, रविवार

प्रिय मितू,

कशी आहेस? तुमच्या अहमदाबादला परवा सगळं गाव गच्चीवर असणार. मजा कर, पण मांजापासून मान सांभाळ. इकडे आम्ही भावंडं मजेत. प्रणितदादाची लोखंडाच्या यार्डातली पाळी बदलली, त्यामुळे हल्ली संध्याकाळचा स्वयंपाक तो करतो. कालवण खारट करतो आणि वर विचारतो, "घरच्यासारखं झालंय ना?" मी हो म्हणते. कॉलेज चालू आहे एवढंच सांगते.

सोबत पाच फोटो आहेत. नियम तुझाच, फोनवर पाठवलेला फोटो बोटानं पुढे सरकतो, म्हणून छापायचा, पाकिटात घालायचा आणि सोबत हातानं पत्र लिहायचं. आधी फोटो बघ, मग पुढे वाच.

बघितलेस? निळ्या बोटीचा जो आहे, त्यातलं आकाश बघ. माझ्या हातून इतकं नीट आकाश कधी आलं होतं?

मितू, मी निकॉन विकला. फुजी घेतला. जुनाच, पण माझ्यासाठी नवा.

उठून उभी राहिली असशील तर बस. मी हे तुला फोनवर सांगणार होते. दोनदा फोन हातात घेतला आणि दोन्ही वेळा मेसचं जेवण कसं आहे तेवढंच विचारून ठेवला. आता मात्र लिहायलाच हवं, कारण काल मी नवीन पनवेलला तुमच्या घरी जाऊन तुझी मोठी झूम लेन्स काकूंकडे ठेवून आले. मला आता ती लागणारच नाही, मग तुझी वस्तू मी कशाला अडकवून ठेवू? काकूंनी चकल्या दिल्या आणि विचारलं, "अगं, मग मे महिन्यात आमच्या कुमुदच्या लग्नाचे फोटो काढायला तुम्ही दोघी काय वापरणार?" मी तोंडात आणखी एक चकली घातली. काकू तुला विचारणारच. त्याआधी माझ्याकडून कळावं.

विकण्याची गंमत ऐक. पहिल्या वर्षाची अंकिता आहे ना, नाटकात झाड झाली होती ती, तिनं घेतला. वडाळे तलावाच्या काठावर भेटलो. तिचे बाबा बरोबर होते. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, उलटा धरला, लेन्सला डोळा लावला आणि गंभीरपणे म्हणाले, "सगळा अंधार आहे." अंकिता इतकी लाजली! मग मी तिला तिथेच बसवून शिकवलं, आपल्याला कुणी शिकवलं नव्हतं ते सगळं. तिनं पहिला फोटो एका बगळ्याचा काढला. बगळा उडून गेला होता, तरी ती म्हणाली, "बघ ना, आत्ताच गेलाय असं दिसतंय." कॅमेरा चांगल्या घरी पडला, मितू. निघताना मात्र पट्टा माझ्या हातातून सुटेना.

फुजी खारघरच्या एका स्वानंद नावाच्या माणसाकडून घेतला. नुकताच बाप झालाय. एका खांद्यावर बाळ आणि दुसऱ्या हातात कॅमेरा, अशा अवस्थेत त्यानं मला सगळी बटणं दाखवली. बाळ पट्टा चघळत होतं. "याचे फोटो काढायला म्हणून घेतला होता," तो म्हणाला, "पण दोन हात मोकळे मिळतील तेव्हा ना!" मला हसू आलं, कारण मला तो नेमका त्याच कारणासाठी हवा होता. माझ्याकडेही एकच हात असतो.

आता ते सांगते.

डिसेंबरात मी बाबांच्या बोटीवर गेले होते. हो, बोटीवर! तुला माहीत आहे, आमच्या घरात बाजार बायकांचा आणि समुद्र पुरुषांचा. लहानपणापासून मी आमच्या गावच्या, करंजाच्या धक्क्यावर उभी राहून बोट जाताना बघितलीय आणि येताना बघितलीय. मधलं काहीच कधी बघितलेलं नाही. या वेळी मी हट्टच धरला. बाबा म्हणाले, "कशाला गो बाय? बोटीवर काय हाय फोटू काढन्यासारका?" मी काही बोलायच्या आत भीमाआत्या मासळीच्या टोपलीवरून ओरडली, "काशिराम, पोरगी आपलीच हाय ना? मंग बगू दे की तिला बोट!" धक्क्यावर आत्याच्या आवाजापुढे कुणाचंच काही चालत नाही. बाबांनी मान हलवली. "येक डाव."

तो एक डाव मी पूर्ण वाया घालवला. निकॉन, त्यावर तुझी झूम, म्हणजे दोन्ही हात कॅमेऱ्यालाच. बंदराबाहेर पडताच बोट अशी काही डुलली की मी जाळ्यांच्या ढिगाऱ्यावर जाऊन आदळले. बाबा सुकाणूवरून ओरडले, "पैला हात बोटीला! बाकीचा मंग!" मग मी हात बोटीला दिला आणि कॅमेरा गळ्यात लटकत राहिला. कसाबसा एकदा उचलला, बाबांच्या दिशेनं धरला आणि दाबला. खटॅक! बाबांनी दचकून पाहिलं आणि ताठ उभे राहिले. हात सरळ, मान सरळ, ओठ मिटलेले. आधार कार्डावर आहेत तसे.

पण त्या खटॅकच्या आधी काय चाललं होतं सांगू? बाबा गात होते.

माझे बाबा, मितू! तू आमच्याकडे जेवायला आली होतीस तेव्हा त्यांनी तुला "बसा" आणि "जेवा" एवढंच म्हटलं होतं आणि परत जाताना तू मला हळूच विचारलं होतंस, ते रागावलेत का म्हणून. घरी ते तसेच असतात. आणि तिथे, जमीन मागे पडल्यावर, भसाड्या आवाजात, मान हलवत, सुकाणूवर ताल धरून गात होते. खलाशी मागून सूर ओढत होते. मी बटण दाबलं आणि गाणं थांबलं. परत येईपर्यंत ते पुन्हा सुरू झालं नाही.

त्या आठवड्यातच मी ठरवलं. एका हातात मावेल आणि आवाज करणार नाही असा कॅमेरा हवा. आधी तुला विचारायला हवं होतं, मला कळतं. पण विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, लेन्सा वाटून घेता याव्यात म्हणून तर आपण एकाच कंपनीचे घेतले. आणि ते खरंच आहे.

पन्नास एमएमची छोटी लेन्स मात्र माझ्याकडेच आहे, आपण वर्गणी काढून घेतली ती. दुकानदार सांगत होता की तुमच्या कॅमेऱ्यांवर हिचा ऑटोफोकस चालणार नाही, आणि आपण आनंदाच्या भरात ऐकलंच नव्हतं! हाताने फोकस करून करून डोळे दुखले होते. आता मी एक अडॅप्टरची कडी आणलीय. ती मध्ये लावली की पन्नास फुजीवर बसते, आणि फोकस जिथे लागतो तिथल्या कडा पडद्यावर लाल चमकतात. मी खोलीत बसून भिंतीवरच्या पालीचे फोटो काढले, इतकी खूश झाले. तुला हवी तेव्हा लेन्स पाठवते. सोबतचे पाचही फोटो तिनेच काढलेत.

गेल्या रविवारी मी पुन्हा धक्क्यावर उभी राहिले. बाबा म्हणाले, "पुन्ना?" मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तळव्यावर ठेवून वजन बघितलं, मासा बघतात तसं. "पापलेटायेवडा तर हाय," म्हणाले आणि बोटीकडे वळले. येऊ नको म्हणाले नाहीत, म्हणून मी चढले.

या वेळी डावा हात बोटीला होता. कॅमेरा पारदर्शक पिशवीत गुंडाळलेला, फक्त लेन्स बाहेर, फोकस आधीच सुकाणूच्या अंतरावर लावून ठेवलेला. बराच वेळ मी काहीच काढलं नाही. बंदर मागे गेलं, उन्हाचा रंग बदलला, आणि बाबांनी सुरुवात केली. मी काढत राहिले आणि कॅमेऱ्यानं चूं केलं नाही. जाळं वर आलं तेव्हा एका खलाशाच्या सदऱ्यात कोळंबी शिरली आणि तो नाचायला लागला. बाबा गाता गाताच हसले, तोंड उघडं, पुढचा तुटका दात दिसतोय, डोळे मिटलेले. तो फोटो तुला पाठवलाय, पाचवा. मी तो काढला तेव्हा रडत होते, तरी फोकस लागलाय. बघ.

छापून बाबांना दिला. त्यांनी हातभर लांब धरून बघितला. मग म्हणाले, "दात दिसतो." दुसऱ्या दिवशी मासळीच्या लिलावाच्या गर्दीत तोच फोटो या हातातून त्या हातात फिरत होता. भीमाआत्या सगळ्यांना सांगत होती, "माजा भाव ल्हानपनी आसाच हासायचा. मी इसरलेच होते."

इतकं लिहून झालं आणि जे लिहायचं ते राहिलंच आहे. तुला एव्हाना कळलं असेल. काकूंच्या प्रश्नावर मी चकली का खाल्ली?

मितू, मला लग्नाचे फोटो काढायचे नाहीत. कुमुदताईचेही नाहीत आणि नंतरचेही नाहीत. आपण दोन वर्षं ठरवत आलो, भागीदारीत लग्नांचे फोटो काढायचे, तू नवरीकडची बाजू आणि मी नवऱ्याकडची. मी प्रत्येक वेळी हो म्हणाले आणि तेव्हा मला ते खरंच हवं होतं, कारण तू बरोबर असणार होतीस. पण मे महिन्यात, बोटी वर ओढायच्या आधी, मला समुद्रावर असायचंय. पावसाळ्यात बोटी बंद असतील तेव्हा जाळी विणणाऱ्यांमध्ये बसायचंय. पुढे त्याचं काय होईल मला माहीत नाही. पोटापाण्याचं तर अजिबातच माहीत नाही. तरी मी इतकी आनंदात आहे की तुला न सांगता आनंदात राहणं जड जायला लागलं.

रागव. पण पत्रानं रागव, गप्प राहून नको.

तुझीच (अजून म्हणू ना?)
रंजिता


अहमदाबाद
२ फेब्रुवारी २०२५

रंजे,

गप्प राहून नको म्हणालीस म्हणून मुद्दाम गप्प राहिले. आता लिहिते.

मला राग कॅमेऱ्याचा नाही आला. कॅमेरा काय, तू उद्या खोक्याला भोक पाडून फोटो काढशील. राग याचा आला की तू घाबरलीस. मला! आईचा फोन आला तेव्हा तुझं पत्र पोचलंही नव्हतं. "ती काही बोलली नाही, नुसत्या चकल्या खात होती," आई म्हणाली, आणि मला वाटलं तुला काही झालंय. मग पत्र आलं. मी फोटो न बघता वाचलं, नियम मोडून. वाचून पाकीट गादीखाली सरकवलं आणि वल्लरीशी, म्हणजे माझ्या खोलीतल्या मुलीशी, उगाच भांडले.

भांडून बाहेर पडले. गळ्यात कॅमेरा होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वरात अडकली होती, समोरून ट्रॅक्टर आलेला, मागे सरायला कुणी तयार नाही. बँडवाले वाजवतायत, घोडा कंटाळलाय, नवरदेव वरूनच ट्रॅक्टरवाल्याशी वाद घालतोय. मी आत घुसले. सवयीनं फक्त डावीकडचं काढत होते, उजवीकडे तू असतेस म्हणून. मग लक्षात आलं, उजवीकडे कुणीच नाहीये. रंजे, मी वळले. तिथे नवऱ्याची आई चपला हातात घेऊन नाचत होती! मी हे कधीच काढलं नसतं, कारण ती बाजू तुझी होती. मी पळत पळत दोन्ही बाजू काढल्या. त्यांनी मला ओढून नाचवलं, जिलेबी खायला लावली, घोड्यानं माझी ओढणी चघळली. परत आले तेव्हा घसा बसला होता आणि राग कुठे गेला ते कळलं नाही.

मला लग्नं आवडतात गं. खरोखर आवडतात. तू नसलीस तरी आवडतात, हे मला त्या दिवशी कळलं, आणि कळल्यावर थोडं रडू आलं. पण थोडंच.

मग गादीखालून पाकीट काढलं. काकांचा तो पाचवा फोटो बघितला. वल्लरीनं विचारलं, "हे कोण? इतके कशाला हसतायत?" मी म्हटलं, हे आमचे काका आहेत, ते फार गातात. तो माझ्या टेबलासमोर लावलाय. पन्नास तुझ्याकडेच ठेव, ती बोटीवरच शोभते.

आता कुमुदताईचं. तिच्याशी बोलले. लग्नाचे फोटो मी एकटी काढणार आहे, दोन्ही बाजूंचे. भीती वाटतेय, पण छान वाटतेय. तू ये. पण कॅमेरा आणायचा नाही, कुठल्याच कंपनीचा नाही. साडी नेसायची, पहिल्या पंगतीला बसायचं, वाढतील ते सगळं खायचं, आणि मी कॅमेरा रोखला की ताठ उभं राहायचं नाही. बोटी वर ओढायच्या आधी एक दिवस समुद्राकडून सुट्टी काढ. काकांना घेऊन ये. ते गाणार नाहीत, मला माहीत आहे. नुसतं "बसा" म्हणाले तरी चालेल.

भागीदारी मोडली, बरं झालं. आता कामापुरती मी तुझी कुणीच नाही.

नुसती मैत्रीण,
मिताली