तळमजल्याची भरपाई

कठडा हातातून सुटला तेव्हा खाली सायकलींची रांग दिसत होती. हवेत असताना माणसाला वेळ मिळत नाही असं लोक म्हणतात. मिळतो. तेवढ्यात मला तुमची आठवण आली, अक्का, आणि दूध झाकायचं राहिलं हेही आठवलं. मग सायकली आल्या.

आता माझ्या रीतीने सलाम आणि तुमच्या रीतीने शरणु शरणार्थी. हे आधी लिहायला हवं होतं. पण पडणारं माणूस क्रम पाळत नाही. नांदेडची हवा तुम्हाला मानवते का? गुडघे कसे आहेत? कानाचं विचारत नाही. (फोनवर मी 'हॅलो' म्हणाले की तुम्ही 'बरं आहे' म्हणून ठेवून देता, म्हणून पत्र.) रामलिंगला आणि सूनबाईंना आशीर्वाद. मी खुशाल आहे असं पुढे लिहिण्याची रीत आहे. मी खुशाल नाही. डाव्या खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घातली आहे. डावं मनगट प्लास्टरमध्ये आहे. बरगड्यांना तडे गेले आहेत, म्हणून हसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं आहे. हे पत्र मी न हसता लिहिते आहे.

तुम्ही घर विकून नांदेडला गेलात, त्यानंतरचं तुम्हाला फारसं ठाऊक नाही. घर घेतलं तेव्हा बसवंत साधा माणूस होता. तुमच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचा आणि कॉलेजात फिजिक्स शिकवायचा, तोच. आता तो बसवंत सर आहे. तळमजल्यावर सगळा सीईटीचा क्लास. तुमच्या स्वयंपाकघरात न्यूटन, देवघरात झेरॉक्सचं मशीन (त्याला रोज सकाळी उदबत्ती मिळते). तुम्ही बसायच्या त्या पुढच्या खोलीत ऑफिस. वर मी एकटी, पूर्वीसारखीच भाडेकरू. खालून दिवसभर एकच आवाज येतो, दीडशे पोरं एकदम पान उलटतात त्याचा. मला तो आवडतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर पानांचा आवाज बंद झाला होता. पोरं पार हिमायतनगरपासून लातुरात आलेली आहेत. आईने बांधून दिलेली चटणी आल्यावर पहिल्यांदा वर आणून देतात, आणि मी त्यांचं मराठीचं शुद्धलेखन विनामूल्य तपासते. सीईटीला ते लागत नाही, म्हणून तेही खूष असतात.

त्या दुपारी मी आडवी झाले होते. निजताना उपड्या तांब्यावर पेला ठेवला होता, जमीन हलली की तो पडून जाग यावी म्हणून. तुम्ही शिकवलेलं. भूकंपाचे दिवस सरले तसं गल्लीतल्या सगळ्यांनी ते सोडलं. मी सोडलं नाही. डोळा लागला आणि पेला पडला. भांडी वाजत होती, खिडकीची काच वाजत होती, जमीन पायाला लागत नव्हती. दहा वर्षांपूर्वी तुम्ही सांगितलं होतं की जिना सगळ्यांत आधी जातो, जिन्याकडे जायचं नाही. मी जिन्याकडे गेले नाही.

भूकंप नव्हता. बसवंतने मागच्या अंगणात बोअर पाडायला गाडी बोलावली होती आणि वरच्या मजल्याला सांगायचं राहिलं होतं. सगळी गल्ली रस्त्यावर आली. कुणाच्या तोंडाला साबण, कुणाच्या हातात पोळी. जागेवर उभे होते ते फक्त गाडीवरचे तमिळ लोक. एवढी माणसं आपलं काम पाहायला धावत आली म्हणून त्यांना बरं वाटलं असावं. (पाणी लागलं नाही.) ज्या सायकलींवर मी पडले त्यातल्या एकीच्या मालकाचे वडील औशाहून आले आणि चाकाची भरपाई माझ्याकडे मागू लागले. त्यांचंही चुकत नव्हतं. माझ्या पदरात त्यांच्या सायकलीची घंटा निघाली, ती मी परत केली.

दवाखान्यात पडल्यापडल्या मला सारखं भूकंपातलं पटांगण आठवतं, अक्का. शाळेसमोर आपण ताडपत्र्या बांधल्या होत्या. पुरुष कडेला, बायका मधोमध. तुम्ही आणि मी एका सतरंजीवर, तुमचं गिरणीसारखं घोरणं आणि माझे तसबीहचे मणी. तुमच्या चुलीवर माझी डाळ शिजायची आणि तुम्ही तोंड फिरवून विचारायच्या, "फरीदा, ह्यात काही घातलं न्हाईस ना?" आणि मी म्हणायचे, "मीठ." किल्लारीकडून जखमींचे ट्रक यायचे तेव्हा तुम्ही चुलीतलं लाकूड मागे ओढायच्या. आपल्या गल्लीत कुणी दगावलं नाही. म्हणून आपल्याला ते दिवस आठवायची मुभा आहे, असं मी धरून चालते. बसवंत तेव्हा नुकता नोकरीला लागलेला. रोज संध्याकाळी तो आपल्याला समजावून सांगायचा की शास्त्राप्रमाणे आता मोठा धक्का येणार नाही. एकदा सांगता सांगताच जमीन हलली आणि पटांगणाच्या फाटकापाशी सगळ्यांत आधी पोचला तो हाच. तुम्ही त्याला हाताला धरून परत आणलंत, भाकरी दिलीत आणि म्हणालात, "खा. शास्त्र नंतर सांग."

तर भरपाईचं. उदगीरहून माझा भाचा मुज्तबा आला. (तो कोर्टात कारकून आहे, त्यामुळे वकिलांना वकील मानत नाही.) त्याने आल्या आल्या सांगितलं, "खाला, दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे गंभीर दुखापत, उघड केस आहे. तुम्ही फक्त कण्हायचं. बोलणार मी." मग बसवंत मोसंब्या घेऊन आला. मी कण्हले. मुज्तबा बोलला. बसवंतने ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळला.

"आपा, मशीन होती की हो ती. आख्ख्या लातुरात रोज बोअर पडायलेत. लोकं उड्या मारायलेत का?"

"मी मारली."

"तेच म्हणतो. मशीन कोणती अन् भूकंप कोणता, माणसाला कळतंय की!"

"बसवंत, मला उचलायला पहिला कोण आला?"

"मीच की!"

"कुठून?"

तो मोसंब्यांकडे बघू लागला. त्याचा वर्ग मागच्या हॉलमध्ये असतो. तिथून रस्त्यावर यायला ऑफिस ओलांडावं लागतं, चपलांचा ढीग ओलांडावा लागतो. मी पडले तेव्हा तो रस्त्यावर उभाच होता. त्याच्या हातात खडू होता. मी खालून पाहिला.

"गाडी तूच बोलावली होतीस," मी म्हणाले.

त्याने एक मोसंबी उचलून परत ठेवली. मग म्हणाला, "पाय गेले हो, आपा. मी कुठं गेलो."

"आणि पोरं?"

"बसली होती. त्यांना वाटलं, सर डस्टर आणायला गेले."

मी हसले. बरगड्यांमुळे ओरडले. नर्स धावत आली, तिने बसवंतला बाहेर काढलं. तो दारात उभा राहून डोळे पुसत हसत होता. मुज्तबा मात्र हरखला. दीडशे पोरांना सोडून पळालेला मास्तर, ह्या एका वाक्यावर क्लासला कुलूप लावून दाखवतो म्हणाला. मी त्याला मोसंबी सोलायला सांगितलं. ते वाक्य मी कोर्टात बोलणार नाही. मीही पळाले होते, फक्त माझी वाट जवळची होती.

पण माझा प्रश्न सुटत नाही. डॉक्टर म्हणतात, जिना विसरा. घर वर आहे. मुज्तबा म्हणतो, उदगीरला चला. उदगीर चांगलं आहे. तिथे मला सगळे खाला म्हणतात, आपा कुणी म्हणत नाही. आणि खाला म्हटलेल्या बाईला दिवसभर विचारतात की काही हवंय का. मला गल्ली हवी आहे. बसवंत परत आला तेव्हा मी कण्हणं सोडून सरळ मागितलं: पैसे नकोत, पुढची खोली दे, मरेपर्यंत. त्याचा चेहरा पडला. "ते ऑफिस आहे, आपा. पालक तिथंच बसतात. त्या खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचं पोरगं डॉक्टर होतंय." दवाखान्याचा खर्च मी करतो, तुम्ही उदगीरला जा, वर मी मुलींची बॅच काढतो, असं त्याचं म्हणणं. वाईट बुद्धीने नाही. हिशेबाने.

तेव्हा मी म्हणाले की घर विकताना अक्कांनी तुला बजावलं होतं, फरीदा जगेल तोवर ह्या घरात राहील, वर नाहीतर खाली.

"अक्का असं बोलल्या?"

"बोलल्या."

"माझ्यासमोर?"

"तू सही करत होतास."

तो विचार करत गेला. मोसंब्या ठेवून गेला. बाकी सगळं ठीक. तब्येतीला जपा.

तुमची
फरीदा

ता. क. बसवंत तुम्हाला विचारेल. तुम्ही असं काही बोलला नव्हतात, हे मला माहीत आहे. फोन आला तर तो काय विचारतो ते तुम्हाला ऐकू येणार नाही; काहीही विचारलं तरी "हो, बोलले होते" एवढंच म्हणा. वरचं सगळं पत्र एवढ्यासाठी लिहिलं.

आणखी ता. क. पत्र टाकायचं राहिलं. काल मला घरी आणलं. पुढची खोली रिकामी होती. खुर्च्या गेल्या, टेबल गेलं. टॉपरांचे फोटो भिंतीवर आहेत, ते मी राहू दिले. मी काही विचारायच्या आत बसवंत म्हणाला, "अक्का बोलल्या असतील. सही करताना मला काही ऐकू येत नव्हतं." दवाखान्याचंही त्यानेच भरलं. मुज्तबा त्याच्याकडून खोलीचं लेखी घेऊन, फार नाराज होऊन उदगीरच्या बसमध्ये बसला. म्हणजे वरचा ता. क. रद्द. खोटं बोलायचं नाही. पण एक गोष्ट तुम्ही मला कधीच सांगितली नाहीत. डोक्यावर आख्खा मजला असताना खाली झोप कशी लागते? मी एवढी वर्षं वर निजले, माझ्या वर फक्त पत्रे होते. काल रात्रभर छताकडे पाहत होते. तुम्ही ह्याच खोलीत इतकी वर्षं निजलात. या आणि शिकवून जा. लगेच शिकले नाही तर राहा. रामलिंगला सांगा, आपांचं हाड मोडलं आहे. खोटं नाही.

आज सकाळी माझे तारवटलेले डोळे पाहून बसवंतने माणसं लावून माझी खाट अंगणात काढली. मग एक आणखी आणून शेजारी टाकली. ती कुणासाठी, हे त्याने सांगितलं नाही; तुमच्यासाठी, असं मी धरून चालते.