विजेवरचं मडकं

ता. ३, मंगळवार

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. गुडघे अजून वाकतात, म्हणून तसं लिहिलं. इकडे सगळे मजेत. तुझी भावजय ठणठणीत आहे, याची खात्री मला रोज सकाळी सहापासून होत असते. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि वर्कशॉपमधून ओरडून घरचं बोलणं मला जमत नाही, म्हणून हे पत्र.

बातमी अशी, की लेकीने पहिल्या पगारातून माझ्यासाठी विजेवरचं मडकं पाठवलंय. खरंखुरं मातीचं भांडं, खाली तापणारी बैठक, पुढे बटणं. भात, डाळ, मटण, काय हवं ते घाला, बटण दाबा आणि विसरून जा. विसरून जाणं आपल्या बापाला जमत नाही, हे तिला कोण सांगणार?

रविवारी जाहीर केलं, आजचा भात माझा. तुझी भावजय पेपर घेऊन समोर बसली, पण पान काही उलटत नव्हती. तांदूळ धुतले, पाणी घातलं, बटण दाबलं. दिवा लागला, आवाज मात्र नाही. आता तीस वर्षं मी पंप आणि मोटारींच्या आवाजावर पोट भरलंय. बेअरिंग गेलंय की कॉइल जळलीय हे दारातून सांगतो. आणि हे यंत्र मुकं. दहा मिनिटं कान लावून बसलो.

"काय म्हणतंय?" तिने विचारलं.

"काहीच नाही. बंद पडलंय."

"नवीन आहे, लाजत असेल."

मी वायर काढली, भांडं बाजूला ठेवलं, बैठक उलटी करून चार स्क्रू खोलले. आत सगळं ठाकठीक. माती सावकाश तापते, हे निदान मला तरी आठवायला हवं होतं. परत जोडल्यावर यथावकाश आवाज आला, पण माझा विश्वास उडाला होता, म्हणून दर पाच मिनिटांनी झाकण काढून बघितलं. शेवटी निघालं ते खाली लगदा, वर खडे. तिने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "उरलेला वर्कशॉपमध्ये न्या. गळकी पायपं बुजवायला होईल."

तर विचारायचं असं, मातीच्या भांड्यात पाणी किती घालायचं? झाकण कधी काढायचं? ओळखीत हे विचारावं असं दुसरं कुणी नाही.

मागच्या महिन्यात आलीस तेव्हाही चहावर उठलीस. घरी करून ठेवलंय, म्हणालीस. एकोणीस वर्षं तुझं घरी करून ठेवलेलंच असतं. असो. पाण्याचं तेवढं कळव.

तुझा धाकटा भाऊ


ता. १९, गुरुवार

ताई,

कार्ड मिळालं. चार ओळी, त्यात प्रेमाची एकही नाही. 'भांडं आधी रात्रभर पाण्यात बुडव. तांदूळ अर्धा तास भिजव. पाणी दुप्पट. झाकण उघडू नकोस, तुला धीर नाही.' मी ते आमच्या मिस्त्रीला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मालक, या बाई आपल्याकडे असत्या तर एकही मोटार परत आली नसती."

परवा तू सांगितलंस तसंच केलं. हात पाठीमागे धरून उभा राहिलो. आधी बारीक शीळ, मग बुडबुड, मग जडशी बुडबुड, मग एकेकच बुडबुडा. आणि मग ती चरचर. मी म्हटलं, "झाला." तेवढ्यात दिवा आपोआप विझला. तुझ्या भावजयीने लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याकडे आदराने पाहिलं. भात असा, की शीत न् शीत वेगळं आणि तरी मऊ. काल मटण पाच तास मंद ठेवलं. हाड नुसतं हलवलं तरी सुटत होतं. वरच्या मजल्यावरचे वकील दोनदा 'सहज' येऊन गेले, दुसऱ्यांदा वाटी घेऊन.

पण ताई, ती चरचर ऐकली आणि मी दहा वर्षांचा झालो. कारखान्यात शिवणकामाला जाताना तू मडकं चुलीवर ठेवून जायचीस आणि मी खाटेवर गणितं सोडवत पडलेला. 'चरचर लागली की उतरव, सशा. बघायला जाऊ नकोस, नुसतं ऐक.' लोक विचारतात, हे कान कुठून आणलेत? मी सांगतो, देवाची देणगी. ते खोटं आहे.

दुसरं खोटं तुझ्याशी बोललो. नव्या घरात सामान हलवताना तुझं मडकं फुटलं, असं मी सांगितलं होतं. ते फुटलं नव्हतं. पहिला मोठा कंत्राटदार जेवायला येणार होता आणि ते काळं मडकं ओट्यावर त्याला दिसायला नको होतं. कारण एवढंच. मी ते वर्कशॉपमध्ये नेलं आणि त्यात रॉकेल भरून बेअरिंग धुवायला लागलो.

दोन महिन्यांनी तू माझा डबा घेऊन तिथे आलीस. मागच्या फळीपाशी, त्या मडक्यासमोर, तुझी पावलं थांबली. सहा मोटारी चालू होत्या, तरी मला ऐकू आलं. मी मान वर केली नाही. तू डबा टेबलावर ठेवलास आणि गेलीस. त्याच महिन्यात वेगळी खोली घेतलीस. म्हणालीस, कारखाना जवळ पडतो. मी म्हटलं, हो, जवळ पडतो.

मडकं अजून आहे. तू गेल्यावर लगेच रिकामं केलं, पुन्हा कुणाला हात लावू दिला नाही. सोडा, राख, ऊन, सगळं करून पाहिलं, पण मातीत मुरलेलं रॉकेल निघत नाही. भाताच्या कामातून ते गेलं. मी घालवलं.

येत्या रविवारी भात लावतोय, मटण आदल्या रात्रीच करून ठेवेन. तुला चरचर ऐकू येणार नाही, पण झाकणावर तळहात ठेवलास तर कळेल. नाहीतर मी आहेच सांगायला. साडेबाराला दिवा विझतो, त्यानंतर दोन तास भात गरम राहतो. तू आल्याशिवाय झाकण उघडणार नाही. बघू या धीर आहे की नाही. दोन तास मी जिन्याकडे कान लावून बसेन. तुझी पावलं मला खालच्या पायरीपासून ओळखू येतात.

तुझा
ससा